ज्युराची पिवळी वाइन : सहा वर्षे वाट पाहणाऱ्या गावांची द्राक्षशेती

फ्रान्सच्या पूर्व सीमेवर, स्वित्झर्लंडला खेटून असलेल्या ज्युरा पर्वतरांगेचे नाव बहुतेक मराठी वाचकांना ठाऊक असते, ते अप्रत्यक्षपणे. भूगर्भशास्त्रातील 'ज्युरासिक' कालखंडाचे नाव याच डोंगरांच्या चुनखडीवरून पडले. या रांगेच्या पश्चिम पायथ्याशी, उत्तरेला सालां-ले-बांपासून दक्षिणेला सां-तामूरपर्यंत, सुमारे ८० किलोमीटर लांबीची आणि जागोजागी तुटलेली द्राक्षमळ्यांची एक अरुंद पट्टी आहे. तिचे एकूण क्षेत्र सुमारे २,००० हेक्टर, म्हणजे फ्रान्सच्या द्राक्षक्षेत्राच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तरीही लंडन, न्यूयॉर्क किंवा टोकियोतील जाणकार उपाहारगृहांच्या यादीत गेल्या दोन दशकांत या पट्टीतील गावांची नावे ठळकपणे दिसू लागली आहेत. आर्ब्वा, प्युपिलां, शातो-शालों आणि लेत्वाल ही त्यांपैकी प्रमुख.

या प्रसिद्धीचे मूळ एका विलक्षण वाइनमध्ये आहे. तिचे नाव 'व्हां झोन', शब्दशः पिवळी वाइन. तोडणीनंतर सहा वर्षांहून अधिक काळ ती लाकडी पिंपात पडून असते आणि त्या काळात उत्पादक तिला जवळजवळ हातही लावत नाही. वाट पाहण्याची ही पद्धत गावांनी शतकानुशतके जपली आणि पुढे कायद्यातही बसवली. आता मात्र वसंतातील धुक्याहून निःशब्द अशा एका संकटाने, एप्रिलच्या दहिवराने, याच पद्धतीला अडचणीत आणले आहे. त्याकडे वळण्यापूर्वी भूमी आणि वाण यांची ओळख करून घेणे आवश्यक आहे.

बोर्गोन्यच्या समोरचा उतार

ज्युराचे मळे जगप्रसिद्ध बोर्गोन्यच्या अगदी समोर आहेत. मध्ये ब्रेसचे सपाट मैदान पसरले आहे, कोंबड्यांसाठी प्रसिद्ध असलेले. बोर्गोन्यचे उतार पूर्वेकडे तोंड करून आहेत, ज्युराचे मुख्यतः पश्चिमेकडे. दोन्हीकडे चुनखडी आणि चुनखडीयुक्त चिकणमाती आढळते, पण प्रमाण उलटे आहे. ज्युरात ही चिकणमाती, म्हणजे मार्ल, वरचढ आहे. राखाडी, निळसर, कुठे तांबूस अशा तिच्या थरांना स्थानिक द्राक्षउत्पादक रंगावरून ओळखतो आणि कोणत्या वाणाला कोणता थर द्यायचा हे त्यावरून ठरवतो. लेत्वाल, म्हणजे 'तारा', या गावाच्या नावाची एक उपपत्ती तेथील मातीत सापडणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या इवल्या जीवाश्मांशी जोडली जाते.

मळे साधारणपणे समुद्रसपाटीपासून २५० ते ४०० मीटर उंचीवर आहेत. पाऊस वर्षाला १,००० मिलिमीटरहून अधिक. त्यामुळे भुरी आणि केवडा हे नाशिक-सांगलीच्या बागाईतदाराची झोप उडवणारे दोन्ही रोग इथेही ठाण मांडून असतात. योगायोग असा की, केवड्यावर आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेले मोरचूद आणि चुन्याचे 'बोर्डो मिश्रण' ज्या वनस्पतिशास्त्रज्ञाने शास्त्रीय पायावर उभे केले, तो पिएर-मारी-आलेक्सी मियार्दे याच ज्युरा जिल्ह्यात १८३८ मध्ये जन्मला. मिश्रणाला नाव मात्र त्याच्या कर्मभूमीचे, बोर्दोचे, मिळाले.

महाराष्ट्रातील आणि ज्युरातील द्राक्षवेलीत एक मूलभूत फरक आहे. उष्ण प्रदेशात वेल कधी पूर्णपणे झोपत नाही, म्हणून आपल्याकडे वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते : एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. ज्युरात हिवाळा वेलीला सक्तीची झोप देतो. पाने गळतात, छाटणी एकदाच, थंडीत होते, आणि मार्च-एप्रिलमध्ये डोळे फुटतात. याच डोळ्यांवर पुढची सगळी कहाणी अवलंबून आहे.

येथील निसर्गदृश्यही केवळ द्राक्षांचे नाही. मळ्यांच्या मध्ये कुरणे आहेत, रानाचे तुकडे आहेत आणि तांबड्या-पांढऱ्या मोंबेलियार्द गायी आहेत. त्यांच्या दुधाचे 'कोंते' नावाचे चीज होते. वाइन आणि चीज यांचा इथला संबंध जेवणाच्या ताटापुरता नाही, तो सामाजिक आहे.

पाच वाण, त्यांतला एक थोर

एकोणिसाव्या शतकात ज्युरात चाळिसांच्या घरात वाण लावले जात. आज नामांकित वाइनसाठी पाचच मान्य आहेत. क्षेत्राने सर्वांत मोठा शार्दोने. तो इथे बाहेरचा पाहुणा नाही. मध्ययुगापासून तो या उतारांवर आहे आणि आर्ब्वाच्या परिसरात त्याला 'मेलों दार्ब्वा' असे घरगुती नावही आहे. पिनो न्वार बोर्गोन्यहून आलेला. उरलेले तीन खास इथले म्हणावेत असे.

पूलसार हा लाल वाण. त्याचे मणी मोठे आणि साल इतकी पातळ की वाइनचा रंग फिकट, जवळजवळ गुलाबी उतरतो. रंग गडद म्हणजे वाइन चांगली, असे मानणाऱ्या बाजारात पूलसारची दीर्घकाळ उपेक्षा झाली. आर्ब्वाजवळच्या टेकडीवर वसलेले प्युपिलां हे छोटे गाव मात्र त्याला 'प्लूसार' म्हणते, आणि स्वतःला प्लूसारची जागतिक राजधानी म्हणवते. लोकसंख्या काही शेकड्यांत असलेल्या गावाने असा दावा करावा यात विनोद आहे, पण तो निराधार नाही. दुसरा लाल वाण त्रूसो. त्याला ऊब हवी, दगडगोटे असलेली जमीन हवी, म्हणून तो मोंतिन्यी-ले-आर्स्यूरसारख्या मोजक्या ठिकाणीच रमतो. पोर्तुगालमध्ये हाच वाण 'बास्तार्दो' या नावाने पोर्ट वाइनच्या प्रदेशात लावला जातो.

तिसरा आणि थोर वाण म्हणजे साव्हान्यां. लहान मणी, जाड साल, तीव्र आम्लता. तो उशिरा पिकतो आणि त्याची तोडणी कधी कधी ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत चालते. लोककथा सांगते की, शातो-शालोंच्या मठातील एका मठाधिपती स्त्रीने हा वेल हंगेरीहून मागवला. जनुकशास्त्राचे म्हणणे निराळे आहे. साव्हान्यां म्हणजेच मध्य युरोपातील त्रामिनर, आणि आल्साससाठी प्रसिद्ध असलेला सुगंधी गेव्हुर्त्सत्रामिनर हा त्याचाच रंग बदललेला अवतार. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ओर्लेआँ येथील उत्खननात सापडलेल्या, सुमारे ९०० वर्षे जुन्या द्राक्षबीची जनुकीय तपासणी करण्यात आली. ती आजच्या साव्हान्यांशी तंतोतंत जुळली. द्राक्षाची बी पेरली तर आईबापांहून वेगळाच वेल उगवतो. तंतोतंत तोच वेल हवा तर काडीपासूनच वाढवावा लागतो. म्हणजे नऊ शतके, पिढीमागून पिढी, कुणीतरी याच वेलीची काडी कापून पुढच्याच्या हाती देत आले आहे. इतिहासाचा असा अखंड धागा राजघराण्यांतही विरळाच.

या वाणाची आणखी एक गंमत ऑस्ट्रेलियात घडली. तिथल्या उत्पादकांनी स्पेनचा 'आल्बारिन्यो' समजून लावलेले वेल २००९ मध्ये जनुकीय चाचणीत साव्हान्यां निघाले. अनेकांना रातोरात बाटल्यांवरचे नाव बदलावे लागले.

पडद्याखालची सहा वर्षे

वाइन तयार करण्याचा जगभरचा पहिला धडा हवेपासून बचाव करण्याचा असतो. लाकडी पिंपातून वाइनची वाफ होत राहते, वर पोकळी तयार होते, त्या पोकळीतील हवेने वाइन बिघडू नये म्हणून पिंप पुन्हा पुन्हा काठोकाठ भरले जाते. व्हां झोनचा उत्पादक नेमके हेच करत नाही. साव्हान्यांच्या रसाचे किण्वन पूर्ण झाले की तो वाइन बहुधा २२८ लिटरच्या जुन्या पिंपात भरतो आणि सोडून देतो. पोकळी वाढत जाते. काही काळाने वाइनच्या पृष्ठभागावर यीस्टची एक पातळ, राखाडी-पांढरी साय धरते. तिला 'व्वाल', म्हणजे पडदा किंवा ओढणी, असे म्हणतात.

हा पडदा हवेला पूर्णपणे अडवत नाही, तिचे नियमन करतो. यीस्ट हवेतील प्राणवायू आणि वाइनमधील अल्कोहोल यांवर जगते. त्यातून असेटाल्डिहाइड तयार होते आणि आक्रोड, हिरवे सफरचंद यांची आठवण करून देणारा गंध येतो. पुढे, अनेक वर्षांच्या संथ प्रक्रियेत, सोटोलॉन नावाचे द्रव्य निर्माण होते. व्हां झोनची खरी ओळख तेच.

सोटोलॉनशी मराठी माणसाचा परिचय जुना आहे, कारण मेथीदाण्याचा विशिष्ट वास मुख्यतः याच द्रव्याचा असतो. व्हां झोनचे वर्णन करताना पाश्चात्त्य समीक्षक 'करी' आणि 'मसाले' असे मोघम शब्द वापरतात. ज्याच्या घरी तेलात मेथीदाणे तडतडले आहेत, त्याला नेमका शब्द शोधावा लागत नाही. विरळ प्रमाणात हाच गंध मेपल सिरपसारखा भासतो. २००५ पासून न्यूयॉर्क शहरावर मधूनमधून मेपल सिरपचा गूढ वास पसरत असे, ते अमेरिकेतील जुन्या वाचकांना आठवत असेल. २००९ मध्ये महापालिकेने त्याचा माग न्यू जर्सीतील, मेथीदाण्यांवर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्यापर्यंत काढला.

पडदा नाजूक असतो. तो फाटला आणि व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंनी शिरकाव केला तर पिंप गेले. म्हणून वर्षातून ठरावीक वेळा प्रत्येक पिंपातून नमुना काढून त्याची प्रयोगशाळेत तपासणी होते. लक्षणे वाईट दिसली तर ती वाइन बाहेर काढून अन्य मिश्रणात वापरली जाते. एकाच मळ्याची, एकाच दिवशी भरलेली दोन शेजारची पिंपे निराळ्या वाटेने जातात, आणि त्याचे कारण अनुभवी उत्पादकालाही दर वेळी सांगता येत नाही. तळघराबाबतही इथला संकेत उलटा आहे. अन्यत्र तापमान स्थिर राहावे म्हणून धडपड चालते, इथे मात्र हिवाळा-उन्हाळ्याचा चढउतार आणि खेळती हवा पडद्याला मानवते, म्हणून जमिनीवरच्या हवेशीर खोल्याही पसंत केल्या जातात.

कायद्याची भाषा काटेकोर आहे. तोडणीच्या वर्षानंतर सहाव्या वर्षाच्या १५ डिसेंबरपर्यंत वाइन पिंपात राहिली पाहिजे, आणि त्यांपैकी किमान ६० महिने पडद्याखाली. लोकव्यवहारात यालाच 'सहा वर्षे तीन महिने' म्हणतात. एवढ्या काळात एक लिटरमधून सुमारे ६२ सेंटिलिटर उरते, असे मानतात. म्हणून तिची बुटकी, रुंद खांद्यांची बाटली, क्लाव्हलां, ६२ सेंटिलिटरचीच असते. उरलेला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग 'देवदूतांचा वाटा' समजायचा. आपल्याकडे कोठारातले धान्य उंदरांनी खाल्ले तर त्याला असे सुंदर नाव देण्याची पद्धत नाही.

तयार झालेली वाइन मात्र काळाला दाद देत नाही. २०१८ मध्ये लों-ल-सोनिए येथील लिलावात १७७४ सालच्या तोडणीची एक बाटली १,०३,७०० युरोंना विकली गेली. सोळावा लुई गादीवर आला ते हे वर्ष.

गावाने स्वतःला घातलेले बंधन

व्हां झोन चार नामांकित क्षेत्रांत करता येते : आर्ब्वा, कोत द्यु ज्युरा, लेत्वाल आणि शातो-शालों. पहिल्या तिघांत इतरही वाइन होतात. शातो-शालोंच्या नावाने मात्र व्हां झोनखेरीज काहीच विकता येत नाही. एका उभ्या कड्यावर वसलेले हे गाव मध्ययुगात उच्चकुलीन स्त्रियांच्या बेनेडिक्टाइन मठाचे ठिकाण होते. कड्याखालच्या निळसर मार्लच्या उतारांवर, शेजारच्या तीन गावांसह, या नावाचे अवघे काही डझन हेक्टर मळे आहेत.

इथे दरवर्षी तोडणीपूर्वी एक समिती मळ्यांतून फिरते आणि द्राक्षांची पक्वता व आरोग्य पाहते. वर्ष वाईट असेल तर संपूर्ण गाव आपले नाव वापरण्याचा हक्क सोडून देते. १९७४, १९८०, १९८४ आणि २००१ या चार वर्षी शातो-शालोंची एकही बाटली निघाली नाही. त्या द्राक्षांची वाइन झाली, पण ती साध्या नावाने, कमी भावात गेली. फ्रान्समधल्या नामांकन-पद्धतीवर नोकरशाहीचा शिक्का मारणे सोपे आहे आणि अनेकदा योग्यही. परंतु चार वेळा स्वतःच्या खिशाला चाट लावून नाव राखणाऱ्या गावाचे उदाहरण फार ठिकाणी सापडत नाही.

आर्ब्वाला या पद्धतीत मानाचे स्थान आहे. १५ मे १९३६ रोजी फ्रान्समध्ये ज्या पहिल्या मोजक्या वाइन-क्षेत्रांना नियंत्रित नामांकन मिळाले, त्यांत आर्ब्वा होते. यामागे पडझडीचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात ज्युराचे द्राक्षक्षेत्र सुमारे २०,००० हेक्टर होते, आजच्या दहापट. आधी रेल्वेने दक्षिणेची स्वस्त वाइन उत्तरेच्या शहरांत आणली, मग शतकाच्या अखेरीस अमेरिकेहून आलेल्या फिलोक्सेरा या मुळांवरच्या किडीने वेली सुकवल्या. उपाय सापडला तो कलमाचा : खुंट अमेरिकन, वरची काडी युरोपीय. नाशिककडे 'डॉगरिज' खुंटावर द्राक्ष चढवतात, त्यामागेही हेच कलमशास्त्र आहे, जरी आपल्या मातीत त्याचे प्रयोजन क्षार आणि दुष्काळ हे असले तरी. ज्युरात पुनर्लागवड फक्त चांगल्या जागीच झाली. नंतर पहिल्या महायुद्धाने माणसे नेली. उतारांचा मोठा भाग रानाने परत घेतला, तो आजही त्याच्याकडेच आहे.

या पडझडीतून सावरताना गावांनी जुनी चीज-सहकारिता वाइनला लावली. कोंतेचे सुमारे ४० किलोचे एक चाक करायला जवळजवळ ४०० लिटर दूध लागते. चार गायींच्या धन्याला ते एकट्याने जमणारे नव्हते. म्हणून तेराव्या शतकापासून या डोंगरांत दूध एकत्र करण्याची प्रथा आहे, आणि त्या संस्थेला 'फ्रुइतियेर' म्हणतात. १९०६ मध्ये आर्ब्वात वाइनची फ्रुइतियेर स्थापन झाली, १९०९ मध्ये प्युपिलांत, १९५७ मध्ये व्वातरमध्ये. छोट्या मळेवाल्याने द्राक्षे आणून घालायची, किण्वन, साठवण आणि विक्री संस्थेने करायची. सहकारी दूध संघांच्या छायेत वाढलेल्या मराठी वाचकाला या रचनेचे गुणदोष समजावून सांगण्याची गरज नाही. एक गुण मात्र नमूद करावा. सहा वर्षे माल अडकवून ठेवण्याची ऐपत एकट्या शेतकऱ्यात क्वचित असते, संस्थेत असू शकते.

पाश्चरची द्राक्षबाग

लुई पाश्चर १८२२ मध्ये जवळच्या दोल गावी जन्मला, पण त्याचे बालपण आर्ब्वात गेले आणि प्रौढपणीही तो उन्हाळ्यात तेथे येत राहिला. १८६३ मध्ये तिसऱ्या नेपोलियनने त्याला वाइनच्या रोगांचा शोध घेण्यास सांगितले. पाश्चरने आर्ब्वात तात्पुरती प्रयोगशाळा थाटली आणि १८६६ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. वाइनवर साय धरणारे उपकारक सूक्ष्मजीव आणि व्हिनेगर करणारे अपायकारक सूक्ष्मजीव वेगळे असल्याचे त्याने दाखवले. ज्युरातील उत्पादकाच्या दृष्टीने हा जिवाभावाचा प्रश्न होता. वाइन सौम्य तापवून टिकवण्याची त्याची युक्ती पुढे दुधाला लागू झाली आणि 'पाश्चरायझेशन' घराघरांत पोहोचले.

त्याचा सर्वांत देखणा प्रयोग १८७८ चा. किण्वनाला सजीव यीस्ट आवश्यक नाही, अशी टिपणे क्लोद बेर्नारच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. पाश्चरने आर्ब्वाजवळच्या आपल्या बागेतील काही वेलींवर, द्राक्षे कच्ची असतानाच, काचेची घरे उभारली आणि घड कापसात गुंडाळले. पिकल्यावर ती द्राक्षे चुरडली, पण रस आंबला नाही. बाहेरची आंबली. यीस्ट द्राक्षाच्या आत नसते, बाहेरून येते, हे सिद्ध झाले.

याच भूमीत शंभर वर्षांनी उलटा प्रवाह सुरू झाला. १९८० च्या दशकात प्युपिलांच्या पिएर ओव्हर्न्वा यांनी गंधकाची मात्रा न घालता, द्राक्षावरच्या मूळ यीस्टवर भरवसा ठेवून वाइन करण्याचा मार्ग धरला. 'नैसर्गिक वाइन' चळवळीचे ते एक आद्य पुरुष मानले जातात. या मार्गाने केलेली वाइन कधी अप्रतिम, कधी सरळ बिघडलेली निघते, आणि बिघाडालाच वैशिष्ट्य म्हणून खपवणारेही आहेत. ओव्हर्न्वांची कीर्ती मात्र तळघरातील पराकोटीच्या स्वच्छतेवर उभी आहे, ही गोष्ट अनुयायी सोयीस्करपणे विसरतात.

एप्रिलचे दहिवर

आता संकटाकडे. वसंतातील दहिवर ज्युराला नवे नाही. नवे आहे ते मार्चमधले ऊन. हिवाळा सौम्य आणि मार्च उबदार झाल्याने डोळे लवकर फुटतात. कोवळा फुटवा शून्याच्या खाली एक-दोन अंशांतच करपतो. झोपलेल्या डोळ्याला त्याच थंडीने काहीही झाले नसते. शार्दोने आणि पूलसार लवकर फुटतात, म्हणून पहिला मार त्यांना बसतो. २०१७, २०१९, २०२१ आणि २०२४ : आठ वर्षांत चार मोठे दहिवर. २०२१ च्या एप्रिलमध्ये जवळजवळ सगळ्या फ्रान्सची फळशेती होरपळली आणि ज्युरा सर्वाधिक फटका बसलेल्यांत होता. २०२४ मध्ये एप्रिलच्या उत्तरार्धात पुन्हा तेच झाले, आणि पावसाळी उन्हाळ्याने केवड्याची भर घातली. फ्रेंच कृषी मंत्रालयाच्या अंदाजानुसार त्या वर्षी ज्युराचे उत्पादन २०२३ च्या तुलनेत सुमारे ७० टक्क्यांनी घटले.

रात्री मळ्यांत मेणाच्या शेकोट्या पेटवणे, हवा हलवणारे पंखे लावणे, छाटणी शक्य तितकी लांबवणे हे उपाय आहेत. सगळे खर्चिक किंवा अपुरे. तुटक, चढउताराच्या, छोट्या तुकड्यांच्या प्रदेशात ते आणखी अवघड ठरतात.

सामान्य वाइनचा उत्पादक एका वाईट वर्षाचा फटका पुढच्या दीड-दोन वर्षांत सोसून मोकळा होतो. व्हां झोनच्या बाबतीत काळाचे गणित वेगळे आहे. २०२१ ची व्हां झोन २०२८ मध्ये बाजारात येईल, २०२४ ची २०३१ मध्ये, आणि दोन्ही फार थोडी असेल. पण खरा पेच तोडणीच्याच वर्षी पडतो. हाती आलेला थोडासा साव्हान्यां उत्पादकाने काय करावा? पिंप काठोकाठ भरत राहून दीड-दोन वर्षांत ताजी, फळाच्या स्वादाची वाइन विकली तर कर्जाचे हप्ते भागतात. जगाची सध्याची आवडही तशाच वाइनकडे झुकते आहे. पडद्याखाली ठेवली तर तिसरा हिस्सा हवेत जाणार, काही पिंपे बिघडणार आणि पैसा सातव्या वर्षी दिसणार. तरुण, भाडेपट्ट्यावर मळा घेतलेल्या उत्पादकाने पहिला मार्ग निवडला तर त्याला दोष देता येत नाही. पण असे निर्णय वर्षामागून वर्ष घेतले गेले तर पडदा वाढवण्याची कला मोजक्या जुन्या घराण्यांपुरती आणि संस्थांपुरती उरेल, अशी भीती आहे, आणि मला ती रास्त वाटते.

त्यात बाहेरचा पैसाही आला आहे. बोर्गोन्यमधील जमीन आवाक्याबाहेर गेल्यावर तिथल्या नामवंतांचे लक्ष समोरच्या उताराकडे वळले. व्होलने येथील मार्की दांजेर्व्हिल घराण्याने २०१२ मध्ये आर्ब्वाजवळ मळे घेतले, हे त्याचे ठळक उदाहरण. त्यांचे काम उत्तम आहे. प्रश्न त्यांच्या हेतूंचा नाही. दहिवराने खचलेल्या गावात जमिनीचा भाव चढा असणे, हा स्थानिक तरुणासाठी दुहेरी मार आहे.

गावांचे सण चालू आहेत. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी आर्ब्वात 'बियू' निघतो. नव्या द्राक्षांचा, माणसाहून उंच असा प्रचंड घड बांधून चार जण तो खांद्यावरून सां-झ्युस्त चर्चमध्ये नेतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला, १९९७ पासून, दरवर्षी वेगळ्या गावात 'पेर्से' भरते आणि सहा वर्षे पूर्ण झालेले पहिले पिंप लोकांसमोर फोडले जाते.

बाटली घेताना

ज्युराची पांढरी वाइन घेताना एकच गोष्ट तपासावी : ती पडद्याखालची की काठोकाठ भरलेल्या पिंपातली. लेबलवर 'उइये' असेल तर दुसरी : ताजी, लिंबाच्या अंगाची, बोर्गोन्यच्या जवळची. 'सू व्वाल' असेल तर पहिली. 'त्रादिसियाँ' हा शब्द बहुधा शार्दोने आणि साव्हान्यांचे पडद्याखाली मुरलेले मिश्रण सुचवतो, आणि व्हां झोनची किंमत पेलण्यापूर्वी चव ओळखण्यासाठी ते चांगले. काहीच लिहिले नसेल तर दुकानदाराला विचारावे. न विचारता घेणाऱ्याला बाटली बिघडली असे वाटण्याचा संभव दाट आहे.

गोड आवडणाऱ्यांसाठी 'व्हां द पाय' आहे. मराठी कानाला नाव विचित्र लागते, अर्थ फक्त 'पेंढ्याची वाइन' एवढाच. घड किमान सहा आठवडे पेंढ्यावर किंवा टांगून सुकवतात, मग पिळतात, आणि अर्ध्या बाटलीत विकतात.

व्हां झोन थंडगार देऊ नये, १४-१५ अंश पुरे. काही तास आधी उघडावी. दीर्घ काळ मुरलेले कोंते, आक्रोड, साय आणि मोरेल अळिंबी घालून शिजवलेली ब्रेसची कोंबडी, ही तिची घरची सोबत. हळद-मेथीच्या रश्श्याबरोबरही ती जमते, फक्त मिरची आवरती ठेवावी. उघडलेली बाटली बूच लावून ठेवली तर कित्येक आठवडे टिकते, कारण हवेला जे करायचे ते तिने आधीच करून झालेले असते. अमेरिकेतील वाचकांसाठी आणखी एक : ६२० मिलिलिटर हे माप तिथल्या मान्य मापांत नसल्याने क्लाव्हलांची आयात अडत असे. जानेवारी २०२५ च्या नियमबदलात ते माप यादीत आले आहे.